बघायला कोण येतंय?



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पॅरिश कार्यालयातला जुना एसी थंडावा देईनासा झाला, म्हणून आम्ही दुरुस्तीवाल्याला बोलावले. तरुण मुलगा, कामाला तरबेज. त्याने नळीचे तोंड मोकळे केले आणि आत उरलेला गॅस 'फुस्स' करीत बाहेर पडला. मिनिटभराचे काम. "कुठे गेला रे तो?" असे आम्ही सहज विचारले.

"हवेत गेला, फादर."

"परत सिलिंडरमध्ये भरून घेता येत नाही का?"

तो हसला. म्हणाला, "येतो ना! पण त्याचे मशीन महाग असते, वेळही जास्त जातो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. शिवाय बघायला कोण येतंय?"

त्याने नवा गॅस भरला, पैसे घेतले आणि तो गेला. त्याचा शेवटचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. एका एसीत असून असून किलो-दीड किलो गॅस असतो. हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांनी स्वतःला विचारला तेव्हा काय घडले, ते या अभ्यासलेखात पाहू या.

१. मेंढपाळाची अंगठी

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथातली एक कथा आम्हांला अभ्यासावी लागली होती. भूकंपाने जमीन दुभंगते आणि एका मेंढपाळाला त्या भेगेत अंगठी सापडते. अंगठीचा खडा तळहाताकडे फिरवला की तो कोणालाच दिसेनासा होतो. हे कळताच तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि गादी बळकावतो. कथा सांगणारा ग्लाउकॉन सॉक्रेटिसपुढे प्रश्न टाकतो : अशी एक अंगठी सज्जनाला दिली आणि एक दुर्जनाला, तर दोघांच्या वागण्यात काही फरक उरेल काय? माणूस न्यायाने वागतो तो न्याय प्रिय आहे म्हणून, की पकडले जाऊ या भीतीने?

कारखान्याच्या धुराड्यातून काळा धूर निघाला तर गाव ओरडते. खाडीत मासे मरून वर आले तर वर्तमानपत्रात फोटो येतो. पण ज्या वायूला रंग नाही आणि ज्याने शेजाऱ्याला साधा खोकलाही येत नाही, तो सोडणाऱ्याच्या बोटात ही मेंढपाळाची अंगठीच असते.

२. कारखान्यातला चोथा

आमच्या एसीत जो वायू होता त्याला बाजारात 'आर-२२' म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव एचसीएफसी-२२. तो ओझोनचा थर विरळ करतो आणि पृथ्वीही तापवतो. म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवी यंत्रे बनवताना तो वापरायचा नाही. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी तो अजून काही वर्षे मिळेल.

पण या वायूचे दुसरेही एक काम आहे. त्याच्यापासून टेफ्लॉन बनते. आपल्या स्वयंपाकघरातल्या नॉनस्टिक तव्यावर जो काळा गुळगुळीत थर असतो, तो टेफ्लॉनचा. कच्चा माल म्हणून होणाऱ्या या वापरावर करारात बंदी नाही. त्यामुळे एसीतून हा वायू हद्दपार झाला तरी त्याचे कारखाने चालूच राहणार आहेत.

क्लोरोफॉर्म आणि हायड्रोजन फ्लोराइड यांच्या अभिक्रियेतून हा वायू तयार होतो. ऊस गाळला की रसाबरोबर चिपाडे येतात, तसा इथेही एक चोथा निघतो. त्याचे नाव एचएफसी-२३. शंभर किलो मालामागे साधारण दीड ते चार किलो. त्याला बाजारात फारशी मागणी नाही. मग त्याचे करायचे काय? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नळी उघडून तो आकाशात सोडून देणे. अनेक वर्षे जगभर हेच होत आले.

आता या चोथ्याची ताकद पाहा. एक किलो एचएफसी-२३ शंभर वर्षांच्या काळात एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या १४ हजारांहून अधिक पट उष्णता अडवून धरतो. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे हा एक किलो वायू सोडणे हे सहा हजार लिटर पेट्रोल जाळण्यासारखे झाले! एकदा हवेत गेला की तो दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकतो. आज सोडलेल्या वायूची झळ आपल्यानंतरच्या सात-आठ पिढ्यांना लागणार आहे.

यावर उपाय नाही असेही नाही. बाराशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या भट्टीत तो जाळून टाकता येतो. त्यातून निघणारी आम्ले अल्कलीने निवळवता येतात. हे तंत्र जुने आहे, सिद्ध आहे आणि कारखान्याच्या एकूण उलाढालीच्या मानाने स्वस्तही आहे. तेव्हा इथे अडचण ज्ञानाची नव्हती. प्रश्न होता तो इच्छेचा.

३. चांगल्या कामाची बिदागी

क्योटो करारानुसार श्रीमंत देशांना एक सवलत मिळाली होती. स्वतःच्या देशातले प्रदूषण कमी करण्याऐवजी त्यांनी विकसनशील देशांतल्या एखाद्या प्रकल्पाला पैसे द्यावेत आणि तिथे जेवढे उत्सर्जन टळेल तेवढे आपल्या खात्यावर जमा करून घ्यावे. यालाच कार्बन क्रेडिट म्हणतात. भारत आणि चीनमधल्या अनेक कारखान्यांनी या योजनेत एचएफसी-२३ जाळण्याच्या भट्ट्या बसवल्या. एक टन वायू जाळला की हजारो टनांची क्रेडिट्स मिळत. जाळण्याचा खर्च किरकोळ, विक्रीची किंमत त्याच्या कित्येक पट!

हेतू चांगला होता आणि वायू जाळलाही गेला. पण लवकरच विचित्र गोष्टी दिसू लागल्या. काही कारखान्यांच्या नोंदींत असे आढळले, की क्रेडिट मिळत नसलेल्या काळात हा चोथा कमी निघतो आणि क्रेडिट मिळू लागले की जास्त निघतो. रशियातल्या काही कारखान्यांबाबतही २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तसेच दिसून आले. कचरा जाळण्याचे बक्षीस एवढे मोठे ठेवले, की कचरा निर्माण करणे हाच धंदा होऊन बसला. अखेर मे २०१३ पासून युरोपीय महासंघाने आपल्या बाजारात ही क्रेडिट्स घेणे बंद केले. मग दुसरी भीती उभी राहिली : पैसे थांबले, आता भट्ट्या पेटत्या कशाला राहतील?

आईवडील म्हणून आपल्याला हा अनुभव नवा नाही. अभ्यास केलास तर चॉकलेट देईन, असे मुलाला रोज सांगितले तर मूल अभ्यासाला बसते खरे, पण चॉकलेटसाठी. डबा रिकामा झाला की पुस्तक मिटते.

४. नियम आला

ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडा देशातल्या किगाली शहरात जगातले देश जमले आणि मॉन्ट्रियल करारात एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. थंडाव्यासाठी वापरले जाणारे एचएफसी गटातले वायू हळूहळू कमी करायचे आणि एचएफसी-२३ हा चोथा शक्य तेवढा नष्ट करायचा, असे ठरले. नष्ट करण्याचे हे बंधन १ जानेवारी २०२० पासून सुरू झाले. भारताने ही दुरुस्ती २०२१ साली रीतसर स्वीकारली.

पण आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट त्याआधीच घडली होती. किगालीत चर्चा चालू असतानाच, १३ ऑक्टोबर २०१६ रोजी, भारत सरकारने आपल्या देशातल्या उत्पादकांना आदेश दिला, की हा वायू हवेत सोडायचा नाही, साठवून जाळायचा आणि तोही स्वखर्चाने. क्रेडिट नाही, अनुदान नाही. ज्याने घाण केली त्याने ती निस्तरावी, हे साधे तत्त्व. काल ज्या कामाची बिदागी मिळत होती, ते आज कर्तव्य ठरले.

५. हवेची साक्ष

आदेश निघाला आणि अहवाल येऊ लागले. पण अहवाल खरे की खोटे, हे कोण ठरवणार? इथे मेंढपाळाच्या अंगठीची कथा वेगळे वळण घेते.

जगात काही ठिकाणी, मुख्यतः बेटांवर आणि डोंगरांवर, हवेतल्या वायूंचे सतत मोजमाप करणारी केंद्रे आहेत. ती कोणत्याही कारखान्याच्या दारात जात नाहीत, कोणाची कागदपत्रे मागत नाहीत. ती फक्त वाऱ्याबरोबर येणारी हवा तपासतात.

सीएफसी-११ हा ओझोनचा मोठा शत्रू. तोही पृथ्वीला हजारो पटींनी तापवणारा आहे. २०१० पासून त्याच्या उत्पादनावर जगभर बंदी आहे. त्यामुळे त्याचे उत्सर्जन दरवर्षी घटत जायला हवे होते. पण २०१८ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की २०१२ नंतर ते उलट वाढले आहे. कोणीतरी कुठेतरी बंदी घातलेला वायू पुन्हा बनवत होते. तरी एकाही देशाच्या कागदावर त्याची नोंद नव्हती!

२०१९ मध्ये उलगडा झाला. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचे गोसान आणि जपानचे हातेरुमा या दोन केंद्रांच्या मोजमापांवरून शास्त्रज्ञांनी वाऱ्याचा माग उलटा काढला. वाढीतला मोठा वाटा पूर्व चीनमधल्या शानडोंग आणि हेबेई या प्रांतांकडे बोट दाखवत होता : वर्षाला सुमारे सात हजार टन. दरम्यान एका पर्यावरण संस्थेच्या लोकांनी चीनमधल्या फोमच्या कारखान्यांत जाऊन चौकशी केली होती. तिथे अनेकांनी सांगून टाकले, की आम्ही हाच वायू वापरतो. तो स्वस्त पडतो.

चीन सरकारने धाडी घातल्या, साठे जप्त केले, खटले भरले. परिणाम काय झाला? तोही हवेनेच सांगितला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार २०१९ पर्यंत उत्सर्जन पुन्हा जुन्या पातळीवर आले होते. हवेने चोरी उघड केली आणि चोरी थांबल्याची पावतीही दिली.

आता आपल्या चोथ्याकडे, एचएफसी-२३ कडे परत येऊ. भारत आणि चीन या दोन मोठ्या उत्पादक देशांच्या अहवालांनुसार २०१७ पर्यंत हे उत्सर्जन जवळजवळ संपायला हवे होते. पण जानेवारी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की २०१८ मध्ये जगात या वायूचे उत्सर्जन सुमारे १५,९०० टन होते. तोपर्यंतच्या कोणत्याही वर्षापेक्षा अधिक! अहवालांप्रमाणे काम झाले असते, तर २०१५ ते २०१७ या काळात स्पेनसारख्या देशाच्या संपूर्ण वर्षाच्या कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टळले असते.

मग चूक कोणाची? चीनमध्ये हे काम सांगितले तेवढे झाले नसावे, असा शास्त्रज्ञांचा कयास होता. भारताविषयी त्यांनी दोषही दिला नाही आणि शाबासकीही दिली नाही. आपल्या बाजूच्या हवेची पुरेशी मोजमापेच त्यांच्यापाशी नव्हती. इथे आम्ही थांबून विचार केला. आपल्या देशाने स्वखर्चाने करण्याचा धाडसी आदेश काढला. आपल्या कारखान्यांनी तो पाळलाही असेल. पण प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायला साक्षीदार लागतो. मोजमाप नसेल तर चोर सुटतो आणि सावालाही शाबासकी मिळत नाही.

६. नियम कशासाठी?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विचारले होते, की माणसांना उपदेश पुरेसा असताना कायद्याची गरज काय? त्यांच्या उत्तराचा आशय असा : काहीजण जात्याच किंवा चांगल्या वळणामुळे सद्गुणाकडे झुकतात, त्यांना सांगणे पुरते. पण काहीजण शब्दांनी वळत नाहीत. त्यांना आधी शिक्षेच्या धाकाने वाईटापासून दूर ठेवावे लागते. निदान त्यामुळे इतरांना शांततेने जगता येते. आणि पुढे, जे भीतीने केले तेच सवयीने, मग आपखुशीने होऊ लागते.

या दृष्टीने पाहिले तर अंमलबजावणी म्हणजे केवळ दंडुका उरत नाही. ती एक प्रकारची शाळा ठरते. या शाळेला तीन गोष्टी लागतात.

पहिली, स्वतंत्र मोजमाप. विद्यार्थ्याने स्वतःच स्वतःचा पेपर तपासायचा नसतो. नेदरलँड्समधल्या एका टेफ्लॉन कारखान्याच्या परिसरात बाहेरच्या संशोधकांनी हवा मोजली. भट्टीचे तंत्र नीट वापरले तर हा वायू फार मोठ्या प्रमाणात रोखता येतो, हे त्यातून २०२४ साली पुढे आले. दार उघडे ठेवले म्हणूनच ते कळले.

दुसरी, जाब विचारणे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत एका माणसाला अटक झाली. मेक्सिकोतून असे वायू गाडीत ताडपत्री आणि अवजारांखाली लपवून आणल्याचा त्याच्यावर आरोप होता. तिथल्या २०२० च्या नव्या कायद्याखालचा तो पहिलाच खटला. अशा एका खटल्याने दहा जणांचे हात आखडतात.

तिसरी गोष्ट बोलली कमी जाते : प्रामाणिकाचे रक्षण. समजा, दोन कारखाने शेजारी आहेत. एकजण भट्टी चालवतो, इंधन जाळतो, माणसे ठेवतो. दुसरा रात्री नळी उघडतो आणि सकाळी आपला माल दोन पैसे स्वस्त विकतो. नियमाकडे डोळेझाक करणारा अधिकारी दुसऱ्याला नुसता सोडत नाही, तो पहिल्याला दंड करतो. काही वर्षांनी पहिलाही विचारू लागतो, मीच का?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात ओझोनच्या रक्षणासाठी झालेल्या कराराचा यशस्वी उदाहरण म्हणून उल्लेख केला. त्याच विश्वपत्रात त्यांनी दोन इशारेही दिले : कार्बन क्रेडिटची खरेदी-विक्री सट्टा होऊ शकते आणि चांगला कायदाही अंमलबजावणीविना मेलेला राहतो. एचएफसी-२३ ची कहाणी वाचली की हे दोन्ही इशारे किती नेमके होते ते कळते. आणि खोटा अहवाल पाठवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आठवी आज्ञा आपण लहानपणीच पाठ केली आहे.

७. आपल्या दारात

कोणी म्हणेल, फादर, हे सारे कारखान्यांचे आणि सरकारांचे प्रश्न. आम्ही काय करणार?

आम्हीही आधी तसेच समजत होतो. मग त्या एसीवाल्या मुलाचे बोलणे पुन्हा आठवले. त्याने खरे तेच सांगितले होते. गिऱ्हाईक पैसे देत नाही. ते गिऱ्हाईक कोण होते? आम्हीच. गॅस गेला तेव्हा आम्ही तिथेच उभे होतो. बघायला कोणी नव्हते असे नाही. आम्ही पाहिले, प्रश्नही विचारला आणि शेवटी स्वस्तातले बिल चुकते केले. मुलाला दोष देऊन आम्हांला मोकळे होता येणार नाही.

म्हणून पॅरिश कौन्सिलपुढे आम्ही एक छोटा प्रस्ताव ठेवला आहे. यापुढे चर्च, शाळा आणि सभागृहातले एसी व फ्रिज दुरुस्तीला काढताना जुना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्यालाच काम द्यायचे आणि त्याचे जादा पैसे आनंदाने द्यायचे. त्या मुलालाही आम्ही निरोप पाठवला आहे. यंत्र घ्यायला त्याची तयारी असेल, तर आपल्या पतपेढीतून त्याला कर्ज मिळावे यासाठी आम्ही शब्द टाकू. आपल्यापैकी अनेक घरांतली मुले याच धंद्यात आहेत, देशात आणि आखातातही. त्यांच्याशी घरी या विषयावर बोलावे. आपल्यापैकी काहीजण रासायनिक कारखान्यांत पाळीवर असतात, काहीजण नोंदवह्या भरतात. मीटरवर जो आकडा दिसला तोच वहीत लिहिणे हीसुद्धा मोठी सेवा आहे, हे त्यांनी लक्षात ठेवावे.

प्लेटोच्या कथेतल्या मेंढपाळाला शेवटपर्यंत कोणी पाहिले नाही. आपल्या काळात मात्र समुद्रातल्या एखाद्या बेटावर हवा मोजली जात असते. आणि ती मोजली जात नाही तिथेही नळीवर हात असलेल्याला आपण काय केले ते ठाऊक असतेच.

समूह चर्चेसाठी प्रश्न

१. चांगल्या कामासाठी पैसे देणे आणि चांगले काम हे कर्तव्य मानणे, यांतला फरक तुमच्या अनुभवातून सांगा.

२. तुमच्या कामाच्या ठिकाणी असा कोणता नियम आहे, जो कोणी पाहत असेल तेव्हाच पाळला जातो?

३. नियम पाळल्यामुळे नुकसान सोसणाऱ्या एखाद्या प्रामाणिक माणसाला आपण ओळखता काय? आपला समूह त्याच्या पाठीशी कसा उभा राहू शकेल?

४. तुमच्या घरातला फ्रिज किंवा एसी पुढच्या वेळी दुरुस्तीला काढाल, तेव्हा कारागिराला कोणता एक प्रश्न विचाराल? त्याने जादा पैसे मागितले तर काय कराल?